मातीची मूर्ती दगड कशी होते?

मातीच्या तीन वस्तू आपल्या घरी किंवा शेजारी सहज पाहावयास मिळतात : शाडूची गणेशमूर्ती, पाण्याचा माठ आणि लोणच्याची बरणी. तिन्ही मातीच्याच, परंतु पाण्याशी तिहींचे वर्तन निराळे. मूर्ती पाण्यात विरघळते, माठ पाझरतो, आणि बरणी थेंबभरही गळू देत नाही. हा भेद मुख्यतः अग्नीमुळे होतो.

शाडूची मूर्ती भाजलेलीच नसते. माठ साधारणतः हजार अंश सेंटिग्रेडच्या आत भाजतात. धारावीच्या कुंभारवाड्यातील भांडी याच जातीची. एवढ्या आचेने मातीचे कण एकमेकांस चिकटतात, पण मधली छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरून त्याची वाफ होते व माठातील पाणी थंड राहते. बरणीची माती मात्र १२०० ते १३०० अंशांपर्यंत तापवितात. तेव्हा तिच्यातील फेल्स्पार नामक खनिज वितळते, काचेप्रमाणे छिद्रांत शिरते, आणि निवल्यावर सर्व पिंड दगडासारखा घट्ट होतो. म्हणूनच या जातीस 'स्टोनवेअर' म्हणतात. कान्हेरीच्या शिल्पकारांनी खडकातून मूर्ती कोरून काढल्या. येथे आपण आधी मूर्ती घडवितो आणि मग तिचा दगड करितो.

ही मूर्ती चाकाशिवाय, केवळ हातांनी करिता येते. प्रथम माती चांगली तिंबून तिच्यातील हवा काढावी व तीत भाजलेल्या मातीचा बारीक चुरा मिसळावा. त्याने माती कमी आक्रसते व कमी तडकते. मग अंगठ्याएवढ्या जाड वळ्या करून त्या एकीवर एक रचीत जावे. मूर्ती आतून पोकळ असावी व भिंत सर्वत्र सुमारे अर्धा इंच जाड असावी. जेथे जोड द्यावयाचा तेथे दोन्ही बाजू ओरखडून सायीसारखी पातळ माती लावावी. नुसते दाबून चिकटविलेले कान वाळताना हमखास गळून पडतात. खालचा भाग थोडा घट्ट झाल्यावरच वरचा चढवावा.

यानंतरचे काम वाळविण्याचे, आणि येथेच उतावळ्यांची परीक्षा होते. नाक, कान आधी वाळतात, मान मागे राहते आणि दोहोंच्या ओढीत चीर पडते. सबब पातळ भागांवर ओलसर फडके ठेवावे. आपल्या उपनगरांत पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की जे काम उन्हाळ्यात आठवड्यात वाळते त्यास दोन-तीन आठवडेही लागतात.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी नववीतील एका विद्यार्थ्याने आपल्या आजीचे मस्तक केले होते. सुरकुत्या, अंबाडा, किंचित मिटलेला डावा डोळा, सारे हुबेहूब. भाद्रपदाचे दिवस होते आणि प्रदर्शन चार दिवसांवर आले होते. मुलगा मूर्तीस गाल लावून म्हणाला, "सर, अजून गार लागते आहे." ओली माती गार लागते हे मला ठाऊक होते; तथापि मी म्हणालो, "भट्टीत वाळेल." दुसऱ्या दिवशी एका परिचितांच्या विजेच्या भट्टीचे झाकण उघडले तो आत केवळ ठिकऱ्या! शंभर अंशांवर पाण्याची वाफ होते व तीस पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती न मिळाल्याने तिने मूर्तीच फोडली. मुलाने त्यातून अंबाड्याचा तुकडा उचलून खिशात ठेविला. बोलला काहीच नाही. मी वर्गासमोर माझी चूक कबूल केली.

हिवाळ्यात त्याने पुन्हा मूर्ती केली. या वेळी आम्ही भट्टी प्रथम कित्येक तास शंभर अंशांच्या आतच ठेविली. पुढे सुमारे ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत बद्ध असलेले पाणीही निघून जाते. त्यानंतर ती कितीही भिजविली तरी पुन्हा माती होत नाही. हजार अंशांवर पहिली भाजणी झाली, मग ग्लेझ म्हणजे काचेची झिलई लावून १२५० अंशांची दुसरी. आच ओळखण्यासाठी आत लहान शंकू ठेवितात; ते ठराविक तापमानास वाकतात. बर्लिनच्या हेर्मान झेगर यांनी १८८६ साली हे शंकू तयार केले. भट्टी पूर्ण निवेपर्यंत उघडावयाची नाही, हाही नियम आम्ही पाळिला.

मूर्ती अभंग निघाली. मात्र वाळून व भाजून ती दहा-बारा टक्के आक्रसली होती. आजीने ती हाती घेऊन विचारले, "मी एवढी आखडले होय रे?"

हे काम दूरदेशीचे नव्हे. बिहारमधील कुंभार कुटुंबात जन्मलेले ब्रह्मदेव राम पंडित चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे शिकले, आणि आपल्या बोरिवलीच्या पलीकडे भाईंदरास त्यांनी स्टोनवेअरची भट्टी चालविली. २०१३ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

पालकांस विनंती की, मुलांचे हात मातीने भरले तर रागावू नये. आणि मुलांनो, भट्टीत ठेवण्यापूर्वी मूर्तीस गाल लावून पाहा. गार लागली तर थांबा, शिक्षक काहीही म्हणोत.