कण्यातल्या सळ्या आणि जन्मभराचे पथ्य

प्रौढ वयात स्कोलिओसिसची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाभोवती एक समज घट्ट बसलेला असतो: पाठीत सळ्या आहेत, तेव्हा आता जन्मभर जपायचे. वाकायचे नाही, बादली उचलायची नाही, जमिनीवर बसायचे नाही, एसटीचा प्रवास टाळायचा, आणि जमेल तेवढे पडून राहायचे. शस्त्रक्रियेला आठ-दहा वर्षे उलटली तरी भाजीची पिशवी हातातून काढून घेतली जाते. हे सगळे मायेपोटी होते, पण होते ते नुकसानच. जुळून गेलेल्या कण्याला विश्रांतीची गरज नसते, आणि ज्याला जपण्याची गरज असते ते नेमके विश्रांतीमुळे कमकुवत होते.

कणा एका बाजूला १० अंशांहून अधिक कलला आणि त्याबरोबर मणके स्वतःभोवती फिरले की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. हे अंश एक्स-रेवर कॉब यांच्या पद्धतीने मोजतात. प्रौढांमध्ये तो दोन वाटांनी येतो. एक तर किशोरवयातला बाक पुढे वाढत जातो, किंवा पन्नाशीनंतर मणक्यांमधल्या गाद्या आणि सांधे झिजून कंबर नव्याने वाकडी होते. शस्त्रक्रिया सरसकट सगळ्यांची होत नाही. दुखणे, पायात उतरणाऱ्या कळा, वाढत जाणारा बाक किंवा सरळ उभे राहता न येणे या कारणांनी ती करावी लागते.

शस्त्रक्रियेत कामे दोन होतात. लोकांच्या लक्षात राहते ते पहिले. मणक्यांत स्क्रू बसवून ते टायटॅनियमच्या किंवा कोबाल्ट-क्रोमच्या सळ्यांना जोडतात आणि बाक जमेल तितका सरळ करतात. एक्स-रेवर हेच ठळक दिसते, त्यामुळे घरादाराचे डोळे तिथेच खिळतात. दुसरे काम एक्स-रेवर सुरुवातीला जवळजवळ दिसतच नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूचा पृष्ठभाग खरवडून त्यावर हाडाचा चुरा पसरलेला असतो. त्यातून नवे हाड तयार होते आणि सुटे मणके मिळून एक सलग हाड बनते. त्याला सहा महिने ते वर्ष लागते, प्रौढांत कधी दोन वर्षेही. मणके असे जोडण्याची पद्धत सळ्यांपेक्षा बरीच जुनी आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद रसेल हिब्ज यांनी ती १९११ मध्ये क्षयाने पोखरलेल्या कण्यासाठी मांडली आणि मग स्कोलिओसिससाठी वापरली. तेव्हा आत धातू नव्हता. हाड जुळेपर्यंत रुग्णाला महिनोन् महिने प्लास्टरमध्ये ठेवत. टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी सळी बनवली आणि तिचे निष्कर्ष १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. सळीने प्लास्टरचे काम आतून करायला घेतले, एवढाच फरक पडला. शेवटी भार पेलायचा तो हाडानेच.

हे ध्यानात आले की ‘सळ्या जपा’ या सल्ल्यातला पोकळपणा कळतो. तार वारंवार इकडून तिकडे वाकवली की एका जागी तुटते, तसाच सळीलाही थकवा येतो. हाड जुळले असेल तर सळीवर फारसा ताण येत नाही आणि ती नुसती पडून राहते. हाड जुळले नसेल तर प्रत्येक पावलाला ती किंचित वाकते आणि कधीतरी तुटते. मग माणूस कितीही जपून वागो. जस्टिन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अनेक केंद्रांतल्या २०० प्रौढ रुग्णांचा, किमान वर्षभराच्या पाठपुराव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ९ टक्के रुग्णांच्या सळ्या तुटल्या होत्या. मणक्याचा पाचरीसारखा तुकडा काढून मोठी दुरुस्ती केलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. सळी तुटलेले रुग्ण वयाने आणि वजनाने अधिक होते, आणि शस्त्रक्रियेआधी त्यांचा तोल जास्त पुढे झुकलेला होता. बादली उचलणे या यादीत नाही. सळी तुटली पण हाड पक्के जुळलेले आहे आणि दुखत नाही, असेही घडते. तिथे बहुधा काहीच करावे लागत नाही.

हाड जुळण्यात अडथळा आणणारी सवय मात्र घरात कुणाला खटकत नाही. सिगारेटच नव्हे, तंबाखू आणि मिश्रीतही निकोटिन असते आणि ते हाड जुळण्याच्या आड येते. ‘ती तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते’ हे उत्तर शल्यविशारदाला वारंवार ऐकावे लागते. हिरड्यांतून शोषलेले निकोटिनही रक्तातच जाते. पिशवी काढून घेणाऱ्या हातांनी मिश्रीची डबी काढून घेतली, तर उपयोग जास्त होईल.

गैरसमजाचे मूळ बहुतेक वेळा डिस्चार्ज कार्डावर सापडते. ‘वाकू नये, वजन उचलू नये, कंबर पिळू नये’ ही तीन वाक्ये त्यावर असतात आणि पहिल्या काही महिन्यांसाठी ती अगदी योग्य आहेत, कारण तेव्हा सारी भिस्त स्क्रूंवर असते. साधारण तीन महिन्यांनंतर एक्स-रे पाहून बंधने टप्प्याटप्प्याने सैल करायची असतात. पण कार्डावर मुदत लिहिलेली नसते, पुढच्या भेटीत कुणी विचारत नाही, आणि तीन महिन्यांचे पथ्य तीस वर्षे चालते.

आता वाकण्याविषयी. ‘सळ्या घातल्या की वाकता येत नाही’ हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे समजच जास्त चिवट असतात. वाकण्यातला मोठा वाटा खुब्याच्या सांध्याचा असतो. गुडघा दुमडलेला असताना खुबा साधारण १२० अंशांपर्यंत दुमडतो. छातीमागचे बारा मणके बरगड्यांनी बांधलेले असल्यामुळे मुळातच पुढे कमी वाकतात. त्यामुळे फक्त छातीच्या भागातले मणके जोडलेल्या माणसाला फरक फारसा जाणवत नाही. कंबरेचे मणके जोडले की जाणवतो. त्रिकास्थी आणि कटीच्या हाडापर्यंत स्क्रू गेले असतील, जसे वयस्क रुग्णांत अनेकदा जातात, तर तो ठळकपणे जाणवतो आणि कायम राहतो. हे लपवण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत रॉबर्ट हार्ट आणि सहकाऱ्यांनी या ताठरपणाचा त्रास मोजण्यासाठी दहा प्रश्नांची यादी तयार केली. मोजे-बूट घालता येतात का, जमिनीवर पडलेली लहान वस्तू उचलता येते का, शौचानंतर स्वच्छता करता येते का, असे प्रश्न तिच्यात आहेत. शेवटचा प्रश्न आपल्याकडे शस्त्रक्रियेआधी कुणी काढत नाही आणि घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तोच पुढे उभा राहतो. कंबर गोलाकार होत नसली की मागून हात पुरत नाही. उकिडवे बसून मगाने धुणे तर अधिकच अवघड. कमोड, त्याशेजारी भिंतीला पक्का दांडा आणि हातात धरायचा जेट स्प्रे एवढ्या सोयीने हा प्रश्न बव्हंशी सुटतो. फक्त तो शस्त्रक्रियेआधी सोडवलेला बरा.

जमिनीवरची वस्तू उचलायच्या दोन रीती फिजिओथेरपिस्ट शिकवतात. रुमाल, किल्ली अशी हलकी वस्तू असेल तर एका हाताने टेबलाचा आधार घेऊन एक पाय मागे उचलायचा आणि पाठ सरळ ठेवून खुब्यात झुकायचे. जड वस्तू असेल तर एक गुडघा टेकवून खाली जायचे, वस्तू पोटाशी आणायची आणि मांड्यांच्या जोरावर उठायचे. मांडी घालून बसताना निरोगी माणसाचे कटीचे हाड मागे कलते आणि कंबर सपाट होते. कटीपर्यंत जोडलेल्या कण्यात ते होत नाही, म्हणून सपाट जमिनीवर माणूस अवघडतो. चार-पाच इंच जाडीची घडी घातलेली सतरंजी किंवा पाट खाली घेतला की अनेकांना जमते, आणि नाही जमले तर पंगतीत खुर्ची मागण्यात काही कमीपणा नाही. वाकून पाया पडणे खुब्यांतून आणि गुडघ्यांतून करता येते. साष्टांग दंडवतही शक्य असतो, फक्त खाली जाण्याची आणि उठण्याची रीत बदलते.

पडून राहण्याचे परिणाम दुसरीकडे दिसतात. जोडलेला भाग हलत नसल्याने हालचालीचा आणि भाराचा वाटा त्याच्या वरच्या व खालच्या सांध्यांवर, खुब्यांवर आणि मांड्यांवर येतो. तिथले स्नायू रोज न वापरल्याने बारीक होतात आणि हाडेही ठिसूळ होतात. ठिसूळ हाडात स्क्रू सैल होतात, वरच्या टोकाचा मणका दबतो, आणि त्या जागी पाठ पुढे झुकू लागते. प्रौढांच्या लांबलचक जोडणीनंतर एक्स-रेवर असा झुकाव वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण २० ते ४० टक्के रुग्णांत आढळतो. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही, पण काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. म्हणून रोजचे चालणे, मांड्या-नितंबांचे व्यायाम, पुरेशी प्रथिने आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी हे खरे पथ्य. हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीत एक खोच आहे: कंबरेत धातू आणि जुळलेले हाड असले की तिथला आकडा फसवा, वाजवीपेक्षा चांगला येतो. अशा रुग्णाचे मोजमाप खुब्याचे किंवा मनगटाजवळच्या हाडाचे घ्यायचे असते. तंत्रज्ञाला शस्त्रक्रियेची कल्पना नसेल, तर ‘नॉर्मल’ असा अहवाल हातात पडतो आणि औषध राहून जाते.

योगासनांबाबत दोन टोके ऐकू येतात. ‘योग कायमचा बंद’ हेही चूक आणि ‘आसनांनी कणा पुन्हा मोकळा होतो’ हे त्याहून चूक. जुळलेले हाड मोकळे होत नसते. हलासन, चक्रासन किंवा जोर लावून केलेल्या पश्चिमोत्तानासनात ओढ टोकाच्या सांध्यावर पडते. उभ्याने करायची, तोल आणि पायांची ताकद वाढवणारी आसने, श्वसन आणि शवासन यांत अडचण नाही. खेळाचे म्हणाल तर अमेरिकेच्या गोल्फपटू स्टेसी लुईस यांच्या पाठीत एक सळी आणि पाच स्क्रू अठराव्या वर्षी बसले. पुढे २०११ आणि २०१३ मध्ये त्यांनी मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि २०१३ मध्येच जागतिक क्रमवारीत पहिले स्थान मिळवले. कंबर पिळण्याचा खेळ म्हणून गोल्फइतके चपखल उदाहरण सापडणार नाही. अर्थात अठराव्या वर्षीची आखूड जोडणी आणि साठाव्या वर्षीची कटीपर्यंतची जोडणी यांची तुलना करू नये.

बाकीचे समज थोडक्यात आटोपतात. सळ्या दोन वर्षांनी काढाव्या लागत नाहीत. पायातली सळी काढतात म्हणून पाठीतली काढायची हा तर्क चालत नाही, संसर्ग किंवा ठोस त्रास असेल तरच काढतात. त्या गंजत नाहीत आणि वीजही ओढून घेत नाहीत. एमआरआय करता येतो. धातूभोवती चित्र पुसट येते एवढेच. विमानतळावरचे यंत्र वाजले तर सुरक्षा कर्मचारी हाताने तपासतात आणि सोडतात. मालिशवाल्याने किंवा हाडवैद्याने पाठीवर जोर देऊन ‘मणका बसवणे’ मात्र खरोखर टाळावे.

लग्नाच्या बोलण्यांत हळूच येणारा समज म्हणजे अशा मुलीला मूल होणार नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॅनियल्सन आणि नाखेमसन यांनी किशोरवयात उपचार झालेल्या स्त्रियांची सुमारे २२ वर्षांनी तपासणी करून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांची संख्या इतर स्त्रियांसारखीच होती आणि गर्भारपणामुळे बाक वाढलेला दिसला नाही. नैसर्गिक प्रसूतीही होते. कंबरेचे मणके जोडलेले असतील तर पाठीतून भूल देणे अवघड किंवा कधी अशक्य होते, म्हणून भूलतज्ज्ञाची भेट सातव्या-आठव्या महिन्यातच घ्यायची. कळा सुरू झाल्यावर जुना एक्स-रे शोधत बसायला नको.

‘जन्मभर जपा’ याच्या अगदी उलट समज म्हणजे ‘झाले ते झाले, आता डॉक्टर कशाला’. पाच-सात वर्षे ठणठणीत गेली की तपासणी सुटते. पण वरच्या-खालच्या गाद्यांची झीज, सैल झालेला स्क्रू आणि क्वचित वर्षांनंतर डोके वर काढणारा संसर्ग, ही सारी उशिराची दुखणी आहेत. शांत गेलेल्या वर्षांनंतर नव्याने सुरू झालेले दुखणे, उभे राहिल्यावर पुढे झुकल्यासारखे वाटणे, पायात बधिरपणा किंवा व्रणाजवळ सूज दिसली की लवकर दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी. खुबा बदलायची वेळ आलीच तर तिथल्या शल्यविशारदाला कणा कटीपर्यंत जोडलेला आहे हे आधी सांगावे. बसताना कटीचे हाड मागे कलत नसल्याने अशा रुग्णात कृत्रिम खुबा निखळण्याचा धोका वाढतो, आणि सांध्याची मांडणी त्या हिशेबाने करावी लागते. फाइलमध्ये शस्त्रक्रियेची टिपणे, कोणते मणके जोडले याची नोंद आणि स्क्रू-सळ्यांच्या कंपनीची स्टिकरे असावीत. तपासणीसाठी एक्स-रे उभ्याने काढलेला, मानेपासून खुब्यापर्यंतचा असावा; झोपवून काढलेल्या कंबरेच्या फिल्मवर तोल गेला आहे की नाही हे कळत नाही.