चीनची परंपरा व त्याचें परराष्ट्रीय धोरण

एखादा मनुष्य परक्या घरीं गेला म्हणजे तो कसा बसतो, कसा बोलतो, कोणास आधीं नमस्कार करितो, यावरून त्याच्या घरचें वळण ओळखूं येतें. राष्ट्रांचेंही कांहींसें असेंच आहे. ज्या राष्ट्राचें बळ वाढत आहे तें आपल्या शेजाऱ्यांशीं कसें वागेल, हें केवळ त्याचें सैन्य व तिजोरी मोजून सांगतां येत नाहीं. त्याच्या पूर्वजांनीं जगाकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें, मान कशास मानिला व अपमान कशास, हेंही पाहावें लागतें. आजच्या वाढत्या राष्ट्रांत चीन हा अग्रगण्य असून तो आपला शेजारी आहे. म्हणून त्याच्याच उदाहरणावरून या प्रश्नाचा थोडा विचार करूं.

चिनी लोक आपल्या देशास ‘झोंगग्वो’ म्हणतात. याचा अर्थ मध्यवर्ती राज्य. त्यांच्या प्राचीन कल्पनेप्रमाणें आकाशाखालील सर्व भूमि ही एकच व्यवस्था होती. तिच्या मध्यभागीं ‘स्वर्गपुत्र’ म्हणविणारा चिनी बादशहा असे, व जो देश जितका दूर तितका तो संस्कृतीनें कमी, अशी समजूत असे. कोरिया, अन्नाम, र्‍यूक्यू बेटें इत्यादि ठिकाणचे वकील नजराणा घेऊन येत, तीन वेळां गुडघे टेकून नऊ वेळां कपाळ भूमीस लावीत, व मग त्यांस व्यापाराची परवानगी मिळे. त्यांनीं आणिलेल्या वस्तूंच्या मोबदल्यांत बादशहा पुष्कळदां अधिक मोलाच्या वस्तु देई. ही व्यवस्था लुटीची नव्हती, परंतु समानतेचीही नव्हती. वडील बंधूनें धाकट्यास सांभाळावें व धाकट्यानें त्याचा मान राखावा, हा कुटुंबांतील नियम तेथें राज्याराज्यांस लाविलेला होता. इ. स. १८६१ पर्यंत चीनमध्यें परराष्ट्रखातें असें नव्हतें. नजराणा आणणाऱ्या परदेशी वकिलांची व्यवस्था बव्हंशीं विधि व समारंभ पाहणाऱ्या खात्याकडेच असे. एवढ्यावरूनही त्या काळची दृष्टि ध्यानांत येईल.

या दृष्टीची युरोपाच्या दृष्टीशीं गांठ पडली ती १७९३ सालीं. त्या वर्षीं इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा वकील लॉर्ड मॅकार्टनी हा घड्याळें, दुर्बिणी व इतर यंत्रें घेऊन छियानलोंग बादशहाच्या भेटीस गेला. त्याच्या नौकांवर चिनी अधिकाऱ्यांनीं नजराणा आणणारा वकील अशा अर्थाचीं निशाणें लाविलीं. त्यानें साष्टांग वंदन करण्याचें नाकारून आपल्या राजापुढें वांकतात तसा एक गुडघा टेकिला. बादशहानें उत्तरीं कळविलें कीं आमच्या राज्यांत सर्व कांहीं विपुल आहे, परक्यांच्या मालाची आम्हांस गरज नाहीं. एक पक्ष व्यापाराचा करार मागत होता, दुसरा पक्ष ती प्रजेची विनंति समजत होता. एकमेकांची परंपरा ठाऊक नसल्यानें दोघेही परस्परांस उद्धट समजले.

पुढें चहाची व रेशमाची किंमत चुकविण्यासाठीं इंग्रजांनीं अफूचा व्यापार वाढविला. ही अफू हिंदुस्थानांत पिके. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जाई, व मुंबईच्या कित्येक व्यापाऱ्यांच्या संपत्तीचा पाया त्याच व्यापारांत घातला गेला, ही गोष्ट आपण महाराष्ट्रीयांनीं विसरूं नये. १८३९ सालीं लिन झेश्यू या अधिकाऱ्यानें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून तिचा नाश केला. त्यांतून युद्ध पेटलें. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें चीनला हाँगकाँग बेट द्यावें लागलें व पांच बंदरें उघडावीं लागलीं. १८६० सालीं इंग्रज व फ्रेंच सैन्यांनीं पेकिंगजवळील बादशाही उद्यानमहाल लुटला व तो इंग्रज सेनेनें जाळिला. १८९५ सालीं जपाननें तैवान घेतलें. जो स्वतःस जगाचें केंद्र मानी त्यालाच सर्वांपुढें मान लववावी लागली. या सुमारें शंभर वर्षांच्या काळास चिनी लोक ‘मानहानीचें शतक’ म्हणतात, व तो इतिहास त्यांच्या शाळांतून आवर्जून शिकविला जातो.

ही स्मृति ध्यानांत घेतल्याशिवाय आजच्या चीनचें वर्तन उलगडत नाहीं. १९९७ सालीं हाँगकाँग परत मिळालें तेव्हां तेथें केवळ एक शहर मिळाल्याचा आनंद नव्हता, जुना डाग धुऊन निघाल्याचें समाधान होतें. तैवानचा प्रश्न निघतांच त्यांचा स्वर कठोर होतो, त्याचेंही एक कारण हेंच. २०१२ सालीं शी जिनपिंग पक्षाचे मुख्य सचिव झाले, तेव्हां थोड्याच दिवसांत ते सहकाऱ्यांसह पेकिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील अफूच्या युद्धापासूनच्या इतिहासाचें प्रदर्शन पाहावयास गेले, व तेथेंच त्यांनीं राष्ट्राच्या पुनरुत्थानाचें ध्येय बोलून दाखविलें.

चिनी मुत्सद्दी आपल्या परंपरेचें दुसरेंही एक चित्र दाखवितात. कन्फ्यूशियसनें सलोखा व सदाचार शिकविला. सुन त्झूनें न लढतां जिंकणें हेंच श्रेष्ठ मानिलें. १४०५ ते १४३३ या काळांत झेंग हे हा दर्यासारंग प्रचंड आरमार घेऊन सात वेळां पश्चिमेकडे आला, कालिकतपर्यंत व पुढें आफ्रिकेपर्यंत पोहोंचला, तरी त्यानें वसाहती स्थापिल्या नाहींत. हें सर्व खरें आहे. परंतु याच झेंग हेनें १४११ च्या सुमारास सिंहलद्वीपांत लढाई करून तेथील अधिपतीस धरून चीनला नेलें, हेंही खरें आहे. अठराव्या शतकांत चिंग बादशहांनीं मध्य आशियांत जे विस्तीर्ण प्रदेश जिंकिले ते उपदेशानें नव्हेत. अलॅस्टर आयन जॉन्स्टन या अभ्यासकानें १९९५ सालच्या ग्रंथांत जुने चिनी युद्धग्रंथ तपासून असें मत मांडिलें कीं, शांतीची भाषा वर असली तरी आंत शत्रूस बळानेंच आवरावें हा विचार प्रबळ होता.

तात्पर्य, परंपरा एक नसते, अनेक असतात. आणि राज्यकर्ते त्यांतून काळाला सोयीची निवडतात. १९६६ सालीं लाल रक्षकांनीं कन्फ्यूशियसच्या जन्मगांवीं त्याच्या थडग्याची नासधूस केली. त्यानंतर चाळीस वर्षेंही झालीं नव्हतीं तोंच, २००४ सालापासून, चिनी शासन त्याच कन्फ्यूशियसच्या नांवानें परदेशांत भाषाशिक्षणाच्या संस्था उघडूं लागलें. कन्फ्यूशियस तोच होता. गरज पालटली होती. शिवाय कारखान्यांस लागणारें तेल, मालास लागणारी बाजारपेठ, समुद्रमार्गांची सुरक्षितता, या गोष्टी कोणत्याही राष्ट्रास भाग पाडतात, मग त्याचे धर्मग्रंथ कांहींही सांगोत.

मग परंपरेचें काम तें काय? राष्ट्रास काय हवें हें बहुधा स्वार्थ ठरवितो. परंतु काय असह्य वाटावें, कोणत्या शब्दानें मन दुखावें, मागणें कोणत्या रीतीनें मांडावें, हें परंपरा ठरविते. २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानें दक्षिण चिनी समुद्रावरील चीनचे ऐतिहासिक हक्क अमान्य केले, तेव्हां चीननें तो निवाडा धुडकाविला. मत्स्य व तेल यांचा लोभ त्यांत होताच. पण परक्यांनीं आपला हक्क ठरवावा ही गोष्ट त्यांना जुन्या तहांची आठवण देणारी होती.

या विवेचनांत आपणांसही बोध आहे. १९५४ सालीं हिंदुस्थान व चीन यांच्या करारांतील पांच तत्त्वांस ‘पंचशील’ हें बौद्ध परंपरेंतील नांव मिळालें. पण नांव पवित्र असल्यानें १९६२ चें युद्ध टळलें नाहीं. उलट, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले व १९४२ सालीं सेवा करितां करितां तेथेंच निवर्तले. त्यांचें ऋण चिनी लोक अद्याप मानितात, व चिनी पुढारी हिंदुस्थानांत आल्यावर त्यांच्या कुटुंबीयांस भेटत आले आहेत. उपकाराची आठवण आणि अपमानाची आठवण या दोन्ही तेथें दीर्घायुषी आहेत. शेजाऱ्याच्या गोड शब्दांवर विसंबूं नये हें जितकें खरें, तितकेंच त्याची भाषा व इतिहास न शिकतां त्याच्याविषयीं मत बनवूं नये हेंही खरें. विद्यार्थिमित्रहो, मॅकार्टनी व छियानलोंग यांच्याजवळ सामर्थ्याची वाण नव्हती. उणीव होती ती परस्परज्ञानाची. ती उणीव भरून काढणें हें अभ्यासाचें काम आहे, आणि तो अभ्यास तुमच्याच वयांत आरंभितां येतो.