एक रोगी, दोन दवाखाने

क्षयाचें नांव आपल्या घरांतून कोणास नवें नाहीं. चरकसंहितेंत त्यास राजयक्ष्मा म्हटलें असून, दक्षप्रजापतीच्या कोपामुळें तो प्रत्यक्ष चंद्रास जडला अशी कथा तेथें सांगितली आहे. एच्.आय्.व्ही. हें नांव मात्र १९८६ सालचें. एक रोग पुराणकाळचा, दुसरा कालपरवांचा. पण हे दोघे एकाच देहांत भेटले म्हणजे काय अनर्थ होतो, हें वाचकांनीं समजून घेण्यासारखें आहे.

जगांतील सुमारें चतुर्थांश लोकांच्या शरीरांत क्षयाचे जंतु शिरलेले असतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. बहुतेकांस त्यांचा उपद्रव जन्मभर होत नाहीं. कारण रक्तांतील पहारेकरी पेशी त्यांना जागें होऊं देत नाहींत. एच्.आय्.व्ही.चा विषाणु नेमका ह्या पहारेकऱ्यांवरच घाला घालतो. म्हणून एड्सनें मनुष्य गेला असें आपण म्हणतों, तेव्हां प्रत्यक्ष प्राण पुष्कळदां क्षयानेंच घेतलेला असतो. शिवाय अशा रोग्याच्या थुंकींत जंतु थोडे असल्यामुळें सूक्ष्मदर्शकाखालीं ते बरेच वेळां दिसतहि नाहींत.

रोग असे हातांत हात घालून चालत असतां उपचार करणारे मात्र वेगळ्या वाटांनीं जात होते. दक्षिण आफ्रिकेंत केपटाउन शहराजवळ खायेलित्शा नांवाची मोठी गरीब वस्ती आहे. तेथें क्षयाचा दवाखाना नगरपालिकेकडे, तर एच्.आय्.व्ही.ची औषधें प्रांतिक सरकारकडे. दप्तरें दोन, डॉक्टर दोन, रांगाहि दोन! खोकल्यानें जर्जर झालेल्या माणसानें दोन्हीकडे खेपा घालाव्या, आणि एका दारावरची पाटी पाहून शेजाऱ्यांनीं काय तें ओळखावें. (लोकापवादाचें भय आपल्याकडे काय थोडें आहे?) मेदसाँ सां फ्राँतिएर ह्या मूळच्या फ्रेंच वैद्यसंस्थेनें ह्या दोन्ही सत्तांशीं सहकार्य करून २००३ सालीं तेथें ‘उबुंटु’ दवाखान्यांत दोन्ही रोगांची चिकित्सा एकत्र सुरू केली. पुढील वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें अशा सहकार्याचें धोरण प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं बँकॉक येथील एड्स परिषदेंत नेल्सन मंडेला यांनीं क्षयाकडे दुर्लक्ष करून एड्सशीं लढतां येणार नाहीं असें बजावलें. कारावासांत असतां १९८८ सालीं त्यांना स्वतःस क्षय झाला होता.

तथापि वैद्यांची शंका अगदींच पोकळ नव्हती. क्षयावरील रिफॅम्पिसिन हें औषध यकृतास असें चेतवितें कीं, एच्.आय्.व्ही.वरील कांहीं औषधें रक्तांत टिकतच नाहींत. तेव्हां आधीं क्षय बरा करावा, मग दुसऱ्याकडे पाहावें, असें अनेकांचें मत होतें. डर्बन येथें सलीम अब्दुल करीम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, अमेरिकन द्रव्यसाहाय्यानें, ६४२ रोग्यांवर ह्याची परीक्षा पाहिली. क्षयाचे उपचार चालू असतांनाच दुसरीं औषधें ज्यांना मिळालीं, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण ५६ टक्क्यांनीं कमी आढळलें. हा फरक इतका स्पष्ट दिसूं लागला कीं, उरलेल्यांना वाट पाहावयास लावणें निरीक्षक मंडळानें २००८ सालींच बंद करविलें. निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले.

पण दोन्ही रोग एका छपराखालीं आणण्यांत एक भयंकर धोका आहे, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्वाझुलु-नाताल प्रांतांतील तुगेला फेरी ह्या खेड्याच्या रुग्णालयांत, बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे ५३ रोगी सांपडले. येल विद्यापीठाच्या सहकार्यानें झालेलें हें संशोधन २००६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांपैकीं ५२ दगावले. ज्या ४४ जणांची एच्.आय्.व्ही.साठीं तपासणी झाली, त्या सर्वांच्या रक्तांत तो विषाणु होता. कित्येकांना ही बाधा रुग्णालयांतच झाली असावी, असें अनुमान निघालें. म्हणजे औषधासाठीं ज्या बाकावर बसावयाचें, तेथेंच मृत्यूची गांठ! खोकणारा रोगी दारांतच ओळखून वेगळा बसविणें, हें तेव्हांपासून एकत्रीकरणाचें अविभाज्य अंग मानलें जातें. ह्यासाठीं मोठी यंत्रसामग्री लागतेच असें नाहीं. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांची पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत यांत्रिक वायुवीजनाच्या नव्या दालनांपेक्षां वारा अधिक खेळतो असें दिसून आलें. खिडक्या मात्र उघड्या ठेवावयास हव्यात!

हिंदुस्थानांत २००१ पासून सहा राज्यांत ह्या दोन खात्यांचें संयुक्त कार्य सुरू झालें, त्यांत महाराष्ट्र होता. दक्षिण आफ्रिकेंत औषधांचा बहुतेक खर्च सरकारच सोसतें. परंतु रोगी औषध घेण्यास कां आला नाहीं हें पाहण्यास त्याच्या घरीं जाणारे अनेक सेवक अमेरिकन पैशावर पोसले जात होते. २०२५ च्या जानेवारींत ती मदत एकाएकीं रोखली गेली, आणि त्यांतील पुष्कळांना घरीं बसावें लागलें.