उसातला बिबट्या आणि रानातली हरणे

पुणे-नाशिक रस्त्याने आळेफाट्याला पोहोचलात, की दोन्ही बाजूंना काय दिसते? ऊस, कांदा, टोमॅटो आणि मधूनच द्राक्षांचे मांडव. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले अशी आख्यायिका आहे, त्या रेड्याची समाधी याच आळे गावात आहे. पण आज या भागात रेड्यापेक्षा बिबट्याची चर्चा अधिक. जुन्नर वनविभागात येणाऱ्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात तिघांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. अंधार पडायच्या आत घरी या, असे इथल्या मुलांना का बजावले जाते, ते यावरून कळेल.

अशा वेळी एक सूचना हमखास पुढे येते. “बिबट्या उसात का येतो? रानात हरणे उरली नाहीत म्हणून. मग रानात हरणे सोडा, म्हणजे बिबट्या आपोआप रानात जाईल!” सूचना वेडगळ मुळीच नाही. पण ती खरी ठरेल काय, हे हिशोबाने पाहायला हवे. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

आधी ‘हरीण’ म्हणजे कोण ते ठरवू. आपण सरसकट हरीण म्हणतो, पण प्राणिशास्त्रात यांची दोन घराणी आहेत. चितळ, सांबर आणि भेकर हे खरे मृग. यांच्या नरांची शिंगे भरीव असतात, गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. यांची शिंगे पोकळ असतात आणि जन्मभर टिकतात. भीमाशंकरच्या दाट, ओल्या रानात सांबर, भेकर आणि इवलासा पिसोरी राहतो. काळवीट व चिंकारा पूर्वेकडच्या कोरड्या माळांचे रहिवासी. चितळाला मात्र विरळ रान, मोकळे गवत आणि जवळ पाणी असे तिन्ही हवे. तेव्हा सह्याद्रीच्या कड्यावर नेऊन सोडलेले चितळ तिथेच रमेल असे नाही. पायथ्याच्या मळ्यात पाणी आणि कोवळा पाला दोन्ही आयते मिळतात!

आता गणित. एक बिबट्या वर्षाला सुमारे ३० हरणे मारतो असे समजा. कळपातील दर १० हरणांमागे वर्षाला एक मारले गेले, तर नव्या पाडसांनी ती तूट भरून निघते आणि कळप टिकतो, असा एक ठोकळ नियम वन्यजीवशास्त्रज्ञ वापरतात. म्हणजे एका बिबट्यासाठी ३०० हरणांचा कळप हवा. एका चौरस किलोमीटर रानात २० हरणे पोसली जातात असे धरले, तर त्या कळपाला १५ चौ. कि.मी. रान लागेल. जुन्नरच्या शेजारी, अकोले तालुक्याच्या शेतीप्रदेशात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा होता, १०० चौ. कि.मी.मध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचे क्षेत्र मिळून दोन हजार चौ. कि.मी.हून अधिक आहे. तिथेही तेच प्रमाण मानले तर बिबटे झाले १००, आणि त्यांच्यासाठी हरणांचे रान हवे १,५०० चौ. कि.मी.! ताडोबा-अंधारीचा गाभा सुमारे ६२५ आणि भीमाशंकर अभयारण्य सुमारे १३१ चौ. कि.मी. आहे. आकडे गृहीत धरलेले आहेत, हे विसरू नका. ते थोडे बदलून पुन्हा हिशोब करा. उत्तर निम्म्यावर आले तरी एवढे मोकळे रान या दोन तालुक्यांत काढायचे कोठून?

शिवाय उसातला बिबट्या उपाशी असतो हा समज खरा नाही. अकोल्यातल्याच अभ्यासात बिबट्यांच्या विष्ठेतील केस तपासून त्यांचा आहार शोधला गेला. खाद्याच्या एकूण वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पाणी आणले, पाण्यामागे ऊस आला. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभे असणारे हे पीक म्हणजे बिबट्याच्या मादीला पिल्ले घालण्यासाठी उत्तम आडोसा. म्हणून तर तोडणीच्या वेळी फडात पिल्ले सापडतात. घर उसात, ताट वस्तीवर. मग डोंगरात हरणे सोडली म्हणून तो तिकडे का जावा?

बरे, समजा हरणे सोडली आणि बिबट्या तिकडे फिरकलाच नाही. मग हरणांचे काय होईल? १०० हरणे दरवर्षी शेकडा २० ने वाढू लागली, तर चार वर्षांत दुप्पट होतात. वीस वर्षांचा आकडा तुम्हीच काढा. तो ३,८०० च्या वर जातो. गवत मात्र तेवढेच राहते. एखादा प्रदेश जेवढ्या प्राण्यांना कायम पोसू शकतो, त्या संख्येला त्याची ‘धारणक्षमता’ म्हणतात. ती ओलांडली की काय होते, याचा एक भयंकर दाखला बेरिंग समुद्रात आहे.

सेंट मॅथ्यू नावाचे हे बेट भीमाशंकर अभयारण्याच्या सुमारे अडीचपट आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तिथे २९ रेनडिअर सोडले. हेतू हा, की तिथल्या सैनिकांना वेळप्रसंगी मांस मिळावे. युद्ध संपले, माणसे निघून गेली. लांडगे तर बेटावर नव्हतेच. जमिनीवर दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींचा जाड गालिचा होता. १९६३ मध्ये कळप ६,००० वर पोहोचला. तोवर गालिचा खाऊन संपला होता. पुढच्या कडक हिवाळ्याने घाला घातला. १९६६ साली शास्त्रज्ञांनी मोजले तेव्हा ४२ प्राणी उरले होते. त्यांत ४१ माद्या. आपल्या अंदमानातही इंग्रजांनी चितळ नेऊन सोडले. तिथे त्यांना खाणारा वाघ किंवा बिबट्या नाही. चितळांनी कोवळी रोपे फस्त केल्यामुळे तिथल्या रानात नवी झाडे उगवणे कठीण झाले आहे.

म्हणजे हरीण, गवत आणि हरणाला मारणारा, या तिघांचा मेळ हवा. हा मारणारा नेहमी चतुष्पादच असतो असे नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी लांडगे संपल्यावर हरणे बेसुमार वाढली. तेथील राज्ये ठरावीक हंगामात ठरावीक शिकारीचे परवाने देतात. यात एक गंमत आहे. शिकाऱ्याला भव्य शिंगांचा नर हवा असतो, पण नर मारून कळप घटत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून संख्या खरोखर घटवायची तर माद्यांचे परवाने द्यावे लागतात.

आपल्याकडे हीच पद्धत का नको? आपल्याकडचा इतिहास उलटा आहे. संस्थानिकांनी चित्ते पाळून काळविटांची शिकार केली. पुढे बंदुका आणि जीपगाड्या आल्या, माळ नांगराखाली गेले आणि हरणे मूठभर उरली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ती योग्यच झाली असे मला वाटते. पण त्यानंतरचा प्रश्न कर्जत तालुक्यातील रेहेकुरीला (जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) दिसतो. १९८० मध्ये काळविटांसाठी केलेले हे अभयारण्य अवघे २.१७ चौ. कि.मी. आहे. संरक्षणामुळे काळवीट वाढले आणि शेजारच्या ज्वारीत शिरू लागले. रानडुक्कर आणि नीलगाय यांनी पिकांची नासाडी केली, तर महाराष्ट्रात परवानगीने त्यांना मारता येते. काळविटाला तसे मारता येत नाही. शेतकऱ्याला वेळेवर नुकसानभरपाई देणे, हाच तिथला मार्ग. ‘वेळेवर’ हा शब्द मात्र महत्त्वाचा.

आणि मारणाऱ्यालाच उचलून नेले तर? जुन्नरने तेही पाहिले आहे. २००१ नंतर इथे अनेक बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडण्यात आले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७ झाले. एक बिबट्या हलला की त्याच्या मोकळ्या हद्दीत दुसरा येतो, आणि हलवलेला बिबट्या अनोळखी मुलखात बिथरतो, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे.

गवताची बाजू तुम्हालाही तपासता येईल. पावसाच्या आरंभी गावाजवळच्या माळावर, जिथे शेळ्या-मेंढ्या चरतात तिथे, एक मीटर लांब-रुंद तुकड्याला काटेरी फांद्यांचे कुंपण घाला. जागा उसापासून दूर आणि उघडी निवडा, दिवसाउजेडी शिक्षकांसह गटाने जा. बाहेर तेवढाच एक तुकडा खुंट्यांनी आखून मोकळा ठेवा. दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडच्या गवताची उंची आणि जाती वहीत नोंदवा. दिवाळीच्या सुमारास दोन्ही तुकड्यांतले गवत कापा, वाळवा आणि तागडीत तोला. वजनांतला फरक म्हणजे त्या माळावरची चराई. तिथे हरणे सोडली असती, तर त्यांच्या वाट्याला किती उरले असते, ते त्या बाहेरच्या तुकड्यातल्या पेंढीवरून काढा.