कारागिरांचे शब्द

सायकल दुरुस्तीच्या दुकानात घटकाभर उभे राहिले, तर कितीतरी अनोळखी शब्द कानी पडतात. "याचे छर्रे झिजले आहेत," "चाकाचा आउट काढ," "फ्रीव्हीलचे कुत्रे गेले," असे कारागीर एकमेकांस सांगत असतात. पुस्तकी भाषेत हे शब्द या अर्थाने सहसा आढळत नाहीत. मग ते टाकाऊ मानावेत काय?

प्रथम त्यांचे गुण पाहू. छर्रा म्हणजे बंदुकीतील बारीक गोळी. चाकाच्या आसाभोवती बसविलेल्या पोलादी गोळ्या तशाच दिसतात. फ्रीव्हीलच्या पोटात लहान खिट्ट्या असतात. पायडल पुढे फिरविले, की त्या दात्यांत अडकून चाकास गती देतात. पाय थांबविले, की दात्यांवरून कटकट करीत घसरतात. दाते घट्ट धरणाऱ्या या खिट्ट्या म्हणजेच 'कुत्रे'! शब्द उच्चारताच वस्तूचे काम डोळ्यांपुढे उभे राहते.

आता दुसरी बाजू. 'आउट' या शब्दावरून नवख्यास काहीच उमगत नाही. चाकाच्या तारांचा ताण कमीजास्त झाला, की चाक डुलू लागते. तारा आवळून किंवा सैल करून ते सरळ करणे म्हणजे 'आउट काढणे', हे त्यास समजावून सांगावे लागते. शिवाय बोलीतील नाव गावोगावी बदलू शकते. परगावाहून सुटा भाग मागविताना नाव चुकले, तर भलतीच वस्तू पदरी पडावयाची. म्हणून शास्त्रास निश्चित परिभाषा हवी. महाराष्ट्र शासनाने १९६० साली भाषा संचालनालय स्थापन केले. त्याने निरनिराळ्या विषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत.

परंतु घडविलेला शब्द नेहमीच नेमका राहतो, असेही नाही. 'दुचाकी' म्हटले, की आज मोटारसायकलही त्यात येते. म्हणून सायकलीस 'सायकल'च म्हणावे लागते. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात पुढचे चाक प्रचंड व मागचे चिमुकले अशी सायकल होती. तिला 'ऑर्डिनरी' म्हणत. पुढे एका मोठ्या व एका लहान नाण्यावरून तिला 'पेनी-फार्दिंग' हे थट्टेचे नाव पडले, आणि तेच टिकले.

तेव्हा ग्रंथात व मागणीपत्रात परिभाषा वापरावी. दुकानात कारागिराचा शब्द समजून घ्यावा. ज्याचे हात रोज ते यंत्र हाताळतात, त्याने दिलेल्या नावास हसू नये. त्या नावात त्याचे निरीक्षण साठलेले असते.