फडाचे सरदार आणि फडाची शाळा

तमाशाविषयी आपल्याकडे दोनच तऱ्हांनी बोलले जाते. एक तर मराठी मातीचे लेणे म्हणून त्याचे कौतुक होते, नाहीतर दलितांच्या माथी मारलेली लाचारी म्हणून त्याचा धिक्कार होतो. कौतुक करणाऱ्यांच्या घरातले कोणी बहुधा कधी बोर्डावर उभे राहिलेले नसते. धिक्कार आपला आहे आणि त्यामागे पिढ्यान् पिढ्या भोगलेले सत्य आहे. पण या दोन्ही बोलण्यांत एक माणूस सुटून जातो. तो म्हणजे फड उभा करणारा, फड चालविणारा आणि फडात शिकविणारा सरदार. त्याच्याजवळ जे होते त्याला विद्या म्हणायचे की नाही, हा प्रश्न मला मांडायचा आहे.

मी कुरुंदवाडला महाविद्यालयात मराठी शिकवितो. इथून सांगली ओलांडली की कवलापूर लागते, पुढे तासगाव तालुक्यात सावळज. वाळवे तालुक्यात एकीकडे रेठरे हरणाक्ष, दुसरीकडे वाटेगाव. तमाशाच्या इतिहासातली ही सारी गावे एसटीने दिवसभरात पाहून होतील इतकी जवळ आहेत. माझ्या वर्गातल्या मुलांना राम जोशी आणि होनाजी ठाऊक असतात, कारण ते पुस्तकात आहेत. उमा-बाबू सावळजकर हे नाव मात्र त्यांच्या कानांवरून गेलेले नसते.

सावळजच्या या मांग कलावंतांनी १८६५ साली 'मोहना बटाव' हा वग उभा केला. तमाशातला हा पहिला वग मानला जातो. त्याच्या बावीस वर्षे आधी, १८४३ मध्ये, सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. भाव्यांचे नाव सांगलीच्या नाट्यमंदिराला आहे, आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याच प्रयोगाची आठवण म्हणून पाळला जातो. यात गैर काही नाही. पण याच मुलखात, कोणत्याही दरबाराचा आधार नसताना, ज्यांनी कथानक, गाणे आणि संवाद एकत्र आणून बोलते नाट्य उभे केले, त्यांचा दिवस कोणता?

फडांची नावे पाहा. उमा-बाबू सावळजकर, भाऊ-बापू मांग नारायणगावकर. कवलापूरच्या खाडे घराण्यात सातू-हिरू, मग शिवा-संभा, मग काळू-बाळू. नाव बहुधा जोडीचे असते. एक गातो तर दुसरा सोंगाड्या होतो. एक सुपारी ठरवतो तर दुसरा माणसे सांभाळतो. नेतृत्व असे वाटून घेतलेले असते. आडनावाच्या जागी गाव येते, कारण परमुलखात फडाची ओळख गावाने पटते. आणि कधी कधी नावातच जात येते. गायनाचार्यांच्या फलकावर त्यांची जात लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. नारायणगावच्या फडाच्या फलकावर ती होती, आणि त्या जातीसकट त्या फडाने महाराष्ट्र जिंकला.

आता सरदार करतो काय ते पाहू. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग हा रात्रभराच्या खेळाचा क्रम त्याच्या हातात असतो. समोरची जत्रा कोणत्या गावची, लोक शेतकरी की गिरणी कामगार, पाऊस येईल काय, हे सारे जोखून तो कुठे लांबवायचे आणि कुठे आवरायचे ते ठरवितो. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला, मागे झील धरणारे सुरत्ये, सोंगाड्या आणि नाचणाऱ्या बाया यांना तो एका डोळ्याच्या इशाऱ्यावर चालवितो. वगाला पूर्वी लिहिलेली संहिता नसे. सरदार कथानक सांगे, कोणी काय व्हायचे ते ठरवी, आणि संवाद बोर्डावर जन्माला येत. पुण्यामुंबईच्या नाटकवाल्यांनी याला पुढे उत्स्फूर्त अभिनय म्हणून नावाजले. फडात त्याला नाव नव्हते, कारण ते रोजचे काम होते.

या शाळेत प्रवेश कसा मिळे? पोर आधी सामान उचली, मग तुणतुणे धरून मागे उभे राही. झील देता देता शेकडो पदे त्याच्या कानात बसत. ढोलकीचे बोल तोंडाने म्हणत म्हणत हात तयार होई. चुकले तर सरदाराची शिवी, जमले तर पुढच्या खेळात जागा. मुली आईकडून, मावशीकडून शिकत. वाईच्या यमुनाबाई वाईकर लावणी शिकल्या त्या आईकडून. त्याच यमुनाबाईंनी १९७५ साली दिल्लीत कथ्थकचे बिरजू महाराज यांच्याबरोबर अदाकारी केली, आणि २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची आई कोणत्या विद्यापीठाची पदवीधर होती? शिकविण्याची पद्धत आहे, अभ्यासाचा क्रम आहे, परीक्षा आहे आणि परीक्षक म्हणून हजारो प्रेक्षक आहेत. संगीताच्या घराण्यात हेच सारे असले की आपण गुरुकुल म्हणतो.

सरकारने या विद्येची पहिली दखल घेतली ती बंदी घालून. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशा बंद केला. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली. खेळ पुन्हा सुरू झाले, पण वग लिहून मंजूर करून घेण्याची अट आली. ज्याची सारी संहिता डोक्यात आहे त्याच्याकडे कागद मागितला गेला. अक्षर शिकू न देणाऱ्या समाजाने अक्षर नाही म्हणून त्याला पुन्हा खालच्या रांगेत बसविले.

श्रेय कसे वाटले जाते हेही पाहण्यासारखे आहे. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजे पठ्ठे बापूराव. ब्राह्मण असून ते तमाशात आले, त्यापायी त्यांनी बहिष्कार सोसला, अमाप रचना केली. त्यांची थोरवी कमी करण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या त्यागाची कथा सांगताना, ज्या मांग-महारांच्या फडांत ते शिरले त्यांनी या माणसाला काय शिकविले, हे कोणी सांगत नाही. हिवरगावची पवळा महार जातीची. तिच्या गळ्याने आणि पायाने ती रचना लोकांपर्यंत गेली. चरित्रात मात्र ती बहुधा शाहिराची सोबतीण म्हणून येते. स्वतंत्र कलावती म्हणून क्वचितच.

हे आपल्याच देशात घडते असेही नाही. फिलिपाइन्समध्ये फ्रान्सिस्का रेयेस आकिनो नावाच्या शिक्षिकेने १९२० च्या दशकापासून गावोगाव फिरून लोकनृत्ये नोंदवली. १९७३ मध्ये त्या राष्ट्रीय कलावंत झाल्या. त्याआधी, १९५७ साली, मनिलातील एका महिला विद्यापीठात 'बायानिहान' हा नृत्यसंघ निघाला आणि जगभर गाजला. अमेरिकेत मजुरीला गेलेल्या फिलिपिनो लोकांच्या नातवंडांना आज तिकडचे नृत्यसंघ तेच नाच शिकवितात आणि आपण कोण हे सांगतात. एका शिक्षिकेची वही केवढे काम करते! तरीही विचारावे लागते, ज्या म्हाताऱ्या नाचणाऱ्यांनी तिला पावले दाखविली त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? नोंदविणारा मोठा होतो, शिकविणारा विसरला जातो.

इथे चळवळीतला कार्यकर्ता मला थांबवील. महाडच्या लढ्याच्या दिवसांत पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. मग या फडांचे गोडवे कशाला? प्रश्न रास्त आहे. विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचल्या, कनातीमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला तिच्यात कौतुकाचे काही दिसत नाही. सुपारी घेतली की खेळ झालाच पाहिजे, उचल घेतली की सुटका नाही, हे त्या गोष्टीचे खरे नाव आहे. २००२ साली त्या गेल्या. शेवटचे दिवस हलाखीत काढलेल्या या बाईच्या नावाने पुढे राज्य सरकारने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. जातीने लादलेली सक्ती एक, आणि त्या सक्तीत राहून माणसांनी कमावलेली विद्या दुसरी. त्या वेगळ्या होऊ शकतात याचा पुरावा आपल्याच चळवळीने दिला आहे. नाशिककडे भीमराव कर्डकांनी १९३१ च्या सुमारास आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी तीच, झील तीच, सवालजवाब तेच. बाईला नाचविणे मात्र गेले, आणि गौळणीच्या जागी शिक्षणाचा, पाण्याचा, स्वाभिमानाचा विषय आला. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे नात्यातल्या माणसाच्या फडात तयार झाले आणि १९४४ साली अमर शेख, गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. गणातला देव बाजूला झाला, तिथे मातृभूमी आणि श्रमिक आला. फडाच्या शाळेत जे शिकले तेच फडाच्या मालकांविरुद्ध, जातीविरुद्ध, भांडवलाविरुद्ध वापरता आले. लाचारीतून आलेली कला लाचारच राहते असे असते तर हे घडले नसते.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वर्गात उभे राहून बोलण्याचा पगार मला मिळतो, मुले मला सर म्हणतात. रात्रभर चार हजार माणसांना एका जागी बसवून ठेवणाऱ्या सरदाराला हे संबोधन मिळाले नाही. म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे साधे आहे. आपापल्या गावातल्या जुन्या ढोलकीवाल्याकडे, सोंगाड्याकडे, नाचून थकलेल्या बाईकडे जा. कोणाला काय येत होते एवढेच विचारू नका. कोणी कोणाला शिकविले ते विचारा, आणि शिकविणाऱ्याचे नाव लिहा. त्यांना महाविद्यालयात बोलवा ते स्नेहसंमेलनाच्या करमणुकीसाठी नको. तासाला बोलवा, खुर्ची द्या, व्याख्यात्याला देता तेवढे मानधन द्या. आणि त्यांच्या मुलीने आम्हाला हे नको, आम्हाला नोकरी हवी असे म्हटले, तर संस्कृती बुडते म्हणून तिला अडवू नका. विद्येचा मान राखणे हे आपले सर्वांचे काम आहे. ती पुढे चालविण्याची सक्ती कोणा एका जातीवर, कोणा एका बाईवर यापुढे असता कामा नये.