‘राजेंद्र’मध्ये अक्षरं किती?

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एखाद्या मराठी शाळकरी मुलाला ‘राजेंद्र’मध्ये अक्षरं किती असं विचारलं, तर तो बोटं न मोजता ‘तीन’ म्हणेल. वेबपानं चालवणारी जावास्क्रिप्ट ही भाषा म्हणते आठ. काना, मात्रा, अनुस्वार, इतकंच काय, ‘द’चा पाय मोडल्याची खूणही ती सुटी धरते. माणसासारखं मोजण्यासाठी ब्राउझरांत ‘सेग्मेंटर’ नावाची सोय आहे. क्रोममध्ये ती २०२० साली आली, फायरफॉक्समध्ये २०२४ साली. पण तीही जुन्या नियमाने मोजत असेल तर ‘द्र’ फोडून चार सांगते. जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडने १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आणला.

एकाच नावाची तीन उत्तरं. मग पावतीवर नाव मध्येच कापलं गेलं, तर चूक शोधायची कुठे आणि कशाने?

हाच प्रश्न दुसऱ्या एका चुकीत बघू. समजा, गणेशोत्सवासाठी एखाद्या मंडळाने वर्गणीचं पान बनवलं. बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं ठीक आहे, पण एका काकांच्या जुन्या आयफोनवर कार्यक्रमाच्या तारखेच्या जागी ‘इनव्हॅलिड डेट’ दिसतंय. बनवणारा क्रोममध्ये एफ-१२ दाबून तपासणीची खिडकी उघडतो, उपकरणांच्या यादीतून आयफोन निवडतो, आणि तारीख व्यवस्थित! इथे भलेभले फसतात. त्या यादीमुळे पडद्याचा आकार, ब्राउझरने सांगायची ओळख अशा बाहेरच्या गोष्टी बदलतात. आतलं इंजिन क्रोमचंच राहतं. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये मोकळी जागा सोडलेली क्रोम चालवून घेतो, जुन्या सफारीला ती चालत नसे. प्रमाण पद्धतीत तिथे रोमन ‘टी’ हवा. बाकीच्या बहुतेक लेखनपद्धती जावास्क्रिप्टच्या नियमांनी ब्राउझरांच्या मर्जीवर सोडल्या आहेत.

म्हणून साधन निवडताना ब्राउझरचं चिन्ह बघून भागत नाही, इंजिन बघावं लागतं. क्रोम, ऑपेरा आणि २०२० पासून एज, हे तिघे ब्लिंकवर चालतात. फायरफॉक्सचं गेको, सफारीचं वेबकिट. भारतात आयफोनवर क्रोम टाकला तरी आत वेबकिटच असतं!

चुका शोधायची ही साधनं आयती मिळायला लागली त्याला फार काळ झालेला नाही. जावास्क्रिप्ट जन्मली १९९५ साली. पुढे बरीच वर्षं चूक शोधायची म्हणजे जागोजागी ‘अलर्ट’ची चौकट उघडून बघायची. २००६ मध्ये जो हेविटने फायरफॉक्ससाठी फायरबग आणला आणि पानाची आतली वीण डोळ्यांसमोर आली. २०१७ मध्ये फायरबग निवृत्त झाला तोवर त्याच्यासारखी साधनं ब्राउझरांच्या अंगातच मुरली होती. इंटरनेट एक्सप्लोरर ८ ची तऱ्हा मात्र न्यारी. त्यात तपासणीची खिडकी बंद असताना ‘कन्सोल’, म्हणजे संदेश छापायची जागा, अस्तित्वातच नसे. संदेश छापणारी ओळ राहून गेली की ग्राहकाकडे पान अडायचं, आणि तपासायला खिडकी उघडली की चालायला लागायचं. डॉक्टर दारात आले की ताप उतरावा तसं.

सगळ्याच चुका ब्राउझरच्या नसतात. हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत चालणाऱ्या इंदुरी पानावर हे गंमतशीर दिसतं. आकडा हिंदी पद्धतीने छापायला सांगितला, तर जावास्क्रिप्ट रोमन अंक देते. मराठी पद्धतीने सांगितला, तर ‘१,२५०’ असे देवनागरी. हेच छापलेले अंक पुन्हा बेरजेसाठी उचलले, तर तिला ते संख्या म्हणून वाचता येत नाहीत. हिंदी पानावर स्वल्पविराम काढून टाकला की काम भागतं, मराठी पानावर तेवढ्याने भागत नाही. ही चूक सगळ्या ब्राउझरांत सारखीच होते, तेव्हा हाताला सवयीचं असेल ते साधन घ्यावं, बेरजेच्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबा, लावावा आणि थांबलेल्या क्षणी आत नेमकं काय साठलंय ते बघावं.

अँड्रॉइड फोन केबलने कुठल्याही साध्या संगणकाला जोडून क्रोममधून तपासता येतो. आयफोन सफारीतून तपासायला मॅक लागतो, आणि खर्चाचा प्रश्न इथेच येतो. एक वाट मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकची: खरे फोन त्यांच्याकडे, पडदा आपल्याकडे, सेवेला पैसे. दुसरी वाट फुकट, ती म्हणजे इरुडा. ही छोटी स्क्रिप्ट पानात टाकली की फोनच्याच पडद्यावर कन्सोल उघडतो. त्यात ब्रेकपॉइंट लावता येत नाही, पण काकांच्या फोनवर तारखेची कोणती ओळ नापास झाली, तेवढं संदेश छापून त्यात वाचता येतं.